ऑफ तासाच्या ओव्हाळबाई

परवा आमच्या दहावी ‘अ’च्या ग्रुपवर कुणीतरी शिक्षकांची यादी टाकली. गेट-टुगेदर ठरतंय, सगळ्यांना बोलवायचंय म्हणून. गणिताचे सर होते, मराठीच्या बाई होत्या, पीटीचे सर होते, अगदी दोन महिने येऊन गेलेले कॉम्प्युटरचे सरसुद्धा होते. खाली अंगठे, बदाम, आणि शेवटी प्रश्न, ‘कोणी राहिलं का?’ मी ‘ओव्हाळबाई’ एवढं टाइप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि पुसून टाकलं. यादी करणाऱ्याची काही चूक नाही म्हणा. बाई वेळापत्रकातच नव्हत्या.

शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत जिन्याच्या तोंडाशी काचेच्या कपाटात एक भलंमोठं वेळापत्रक लावलेलं असायचं. प्रत्येक शिक्षकाच्या नावाची एक ओळ, आणि ओळीत तुकड्यांची खोकी. ओव्हाळबाई ग्रंथपाल. ग्रंथपालाला ओळ नसते. पण कुणी सर आजारी पडले, कुणाला निवडणुकीच्या कामाला धाडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्या रिकाम्या तासावर बाईंना पाठवत. आम्ही त्याला ऑफ तास म्हणायचो. शिपाईमामा एक लांबडी वही घेऊन वाचनालयात यायचे, बाई उभ्याउभ्याच सही करायच्या आणि जिना चढायला लागायच्या. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत एक हिरवी वही. सव्वीस वर्षं त्या अशाच दुसऱ्यांच्या तासांवर चढत आल्या होत्या.

मी नववीत त्या शाळेत आले. तासगावहून. बाबांची बदली पुण्याला झाली आणि घरात ठरलं की दहावीला पुण्याचेच क्लास हवेत. आईची नोकरी तिकडच्या दवाखान्यात, ती सुटणं शक्य नव्हतं. मग मी आणि बाबा कोथरूडला दोन खोल्यांत. सकाळी सात ते दहा क्लास. घरी येऊन बाबांनी करून ठेवलेलं काहीतरी डब्यात भरायचं. अकराची बस. बारा ते साडेपाच शाळा. परत उभ्याने बस. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, पुस्तक उघडायचं. साडेआठला बाबा यायचे आणि विचारायचे, ‘‘काय केलंस आज?’’ मी म्हणायचे, ‘‘शाळा.’’ दिवसभर माणसांच्या गर्दीत असायचे मी, आणि कुलूप उघडताना लक्षात यायचं की सकाळपासून आपण वर्गात ‘हजर’ आणि बसमध्ये ‘पास’ एवढे दोनच शब्द बोललोय.

याला कारण पहिला दिवस. कुठून आलीस असं वर्गात कुणीतरी विचारलं आणि मी म्हणाले, ‘‘तासगावास्नं.’’ दोघीतिघी हसल्या. फार नाही हसल्या, आणि वाईट मुली नव्हत्या त्या. पण मी जरा मानी आहे. तोंड उघडल्यावर हसू येत असेल तर उघडायचंच कशाला, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. चौदाव्या वर्षी माणूस असं काहीही ठरवतं आणि मग ते निभावत बसतं.

जुलैत भूगोलाच्या बाई रजेवर गेल्या आणि पहिला ऑफ तास आला. ओव्हाळबाई आत आल्या. फळ्यावरची भूगोलाची तारीख तशीच ठेवली, खुर्चीवर बसल्या, म्हणाल्या, ‘‘मी तुमची बाई नाही. बदली आहे. बदलीच्या माणसाचं ऐकायची सक्ती नाही. झोपायचं असेल त्यांनी झोपा, फक्त घोरू नका.’’

कुणी झोपलं नाही. उलट मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकली. बाईंनी हिरवी वही उघडली, चष्मा नाकावर खाली घेतला.

‘‘कुठे होतो आपण?’’

‘‘घाटात,’’ सगळा वर्ग एका सुरात.

‘‘पातेल्यात काय होतं?’’

‘‘करंज्या.’’

‘‘उरल्यात किती?’’

‘‘तीन,’’ म्हणून सगळे हसायला लागले. मला काही म्हणजे काही कळलं नाही. पस्तीस मिनिटं बाई बोलत होत्या, वर्ग हसत होता, मध्येच एकदम गप्प होत होता, आणि मी भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी ताटाकडे बघत होते. घंटा झाली तशा बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या, वहीत एक ओळ लिहिली आणि गेल्या.

मोठ्या सुट्टीत मी वाचनालयात गेले. विचारलं, ‘‘बाई, या गोष्टीत आधी काय झालं?’’

‘‘मी मागे जात नाही,’’ बाई पुस्तकावर शिक्का मारत म्हणाल्या. ‘‘वर्गाला विचार.’’

‘‘मी नवीन आहे.’’

‘‘ते दिसतंय. गोष्ट जुनी आहे, वर्ग जुना आहे. विचार.’’

मला राग आला. पण गोष्ट अडकली होती डोक्यात, काय करणार. दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसणाऱ्या ईशाला विचारलं. तिला पाचवीतलं आठवत होतं. सहावीतलं तिच्या मैत्रिणीला. सातवीत ती मैत्रीण गोवर येऊन घरी होती, म्हणून तिने एका मुलाकडे बोट दाखवलं. असं करत करत पंधरा दिवसांत मी वर्गातल्या एकोणीस जणांशी बोलले. आणि गोष्ट जुळली.

ती अशी. यशवंता नावाच्या माणसाच्या घरी बारसं होतं, म्हणून त्याने शेजारच्या सखूकाकूंचं मोठं पातेलं मागून आणलं. बारसं झालं, पातेलं घासलं, परत द्यायला गेला तर सखूकाकूंच्या दाराला कुलूप. त्या मुलाकडे राहायला गेल्या, गावाचं नाव कुणाला नीट माहीत नाही. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवायचं कसं? म्हणून यशवंता पातेलं डोक्यावर घेऊन निघाला. आणि भांडं परत करायचं तर रिकामं देत नाहीत, म्हणून बायकोने त्यात गूळशेंगदाणे भरून दिले. इथे सगळा घोटाळा. वाटेत कुणी उपाशी भेटलं की यशवंता पातेल्यातलं देऊन टाकायचा. मग पातेलं रिकामं. मग ते भरण्यासाठी कुठेतरी काम धरायचं, भरायचं, पुन्हा निघायचं, की पुन्हा कुणीतरी भेटायचंच. पाचवीपासून नववीपर्यंत सहा वेळा भरलं आणि सहा वेळा रिकामं झालं होतं.

गोष्ट जुळली आणि माझं विचारायचं काम संपलं. त्या एकोणीस जणांशी मग मी काय बोलणार? पुन्हा ‘हजर’ आणि ‘पास’. बाईंनी मला वर्गाकडे मुद्दाम पिटाळलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा नियम होता तो, एवढं मात्र खरं. गोष्ट वर्गात सांगायची, एकट्यादुकट्याला नाही. प्रत्येक तुकडीची गोष्ट वेगळी, आणि हिरव्या वहीत प्रत्येक तुकडीच्या नावापुढे फक्त शेवटची ओळ. ‘७ ब – मांजर अजून आडातच.’ ‘८ अ – पत्र उघडलं, कोरं निघालं.’ दोन ऑफ तासांत कधी चार दिवस जायचे, कधी तीन महिने. बाईंचं कधी चुकायचं नाही.

मोठ्या सुट्टीत मी डबा घेऊन वाचनालयात जायला लागले. वर्गात घोळके करून खायचे सगळे, आणि घोळक्याच्या कडेला बसून खाण्यापेक्षा एकटीने खाल्लेलं बरं, असं माझं मत होतं. बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ‘येथे खाऊ नये’ हे कुठल्याही शाळेत असतं. खाली बाईंच्या अक्षरात जोडलेलं होतं, ‘पुस्तकांना तेल चालत नाही, मुंग्यांना चालते.’

मी परत वळले तशी त्या म्हणाल्या, ‘‘खोलीत खाऊ नये असं लिहिलंय. उंबऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही.’’ आणि एक स्टूल दारात सरकवून दिलं.

दोन वर्षं मी त्या उंबऱ्यावर जेवले. बाई आत, त्यांच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून जेवायच्या. त्यांनाही कुणी शिक्षकखोलीत बोलवायचं नाही. म्हणजे मज्जाव नव्हता, पण तिथेही प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती आणि बाईंची ठरलेली नव्हती. आम्ही एकमेकींशी बोलायचो नाही. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला की त्या म्हणायच्या, ‘‘झालं का तासगाव?’’ मी म्हणायचे, ‘‘झालं.’’ एवढंच. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. वर्गात ज्या शब्दाला हसले होते तोच त्यांनी माझं नाव करून टाकला, आणि त्यांच्या तोंडून तो ऐकताना मला कधी लाज वाटली नाही.

दहावीच्या जुलैत एक ऑफ तास मिळाला. यशवंता पुण्यात पोचला होता. सखूकाकूंचा पत्ता सापडला, कर्वेनगर, इमारत तीन मजली. सातव्यांदा भरलेलं पातेलं घेऊन तो जिना चढला. लाडू होते त्यात. दुसऱ्या मजल्यावर एक कामवाली पायरीवर बसलेली, सकाळपासून पोटात काही नाही. आता यशवंता काय करणार, हे आम्हाला पाठ होतं. सगळा वर्ग कपाळाला हात लावून ओरडला, ‘‘नको रे.’’ त्याने दिले. मग तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि, बाई म्हणाल्या, सवयीने त्याने बेल वाजवली. बेल वाजवल्यावर त्याचं लक्ष पातेल्याकडे गेलं. आतून पावलं ऐकू यायला लागली. घंटा झाली.

त्या दिवशी बाई वही मिटून लगेच उठल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मी मे महिन्यात रिटायर होतेय. सव्वीस वर्षांत माझी एकही गोष्ट पुरी झालेली नाही. मुलं दहावी होऊन जातात, गोष्ट राहते. या खेपेला शेवट आधी ठरवलाय. एक तास द्या मला कुठूनतरी. एकच.’’

कुठून देणार? दहावीचे ऑफ तास त्या जुलैनंतर गणिताच्या सरांनी घेऊन टाकले. कुणी रजेवर गेलं की सर आधीच दारात हजर. पोर्शन, सराव, पेपर. मुलांनीही फारशी कुरकुर केली नाही, कारण संध्याकाळी क्लासला तेच विचारणार होते. आधी कुणीतरी म्हणायचं, ‘‘यशवंता उभाच आहे रे दारात.’’ गणपती झाले आणि तेही बंद झालं.

त्याच सुमाराला शिक्षकदिन आला. आमच्या शाळेत त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक व्हायची. साड्या, टाय, हातात छडी, आणि खालच्या वर्गांवर तास. कोण कोण होणार याची यादी वर्गात फिरली. मराठीच्या बाई व्हायला चौघी भांडल्या. यादी माझ्यापर्यंत आली तेव्हा एकच नाव उरलं होतं.

‘‘तू लायब्ररीच्या बाई हो ना,’’ ईशा म्हणाली. ‘‘तशीपण तू तिथेच असतेस.’’

टोमणा नव्हता. खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

बाबांनी मोबाइलवर बघून बघून मला आईची साडी नेसवली. एक पिन माझ्या खांद्यात घुसवली. मी वाचनालयात जाऊन बाईंच्या खुर्चीत बसले. बाई उंबऱ्यावरच्या स्टुलावर. त्यांना गुलाब द्यायला कुणी आलं नव्हतं. मी आणला होता, तो दप्तरात चेंगरला होता, तसाच दिला. त्यांनी तो पेल्यात ठेवला. तेवढ्यात मामा लांबडी वही घेऊन आले. सहावी ‘क’वर जी मुलगी विज्ञानाच्या बाई झाली होती, तिला रडू फुटून ती पळाली होती. ऑफ तास.

‘‘जा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आज ओव्हाळबाई तू आहेस.’’ आणि हिरवी वही माझ्या हातात दिली.

वहीत होतं, ‘६ क – घोडा पुलावर थांबला आहे. पुढे जात नाही.’ वर्गात शिरले. पोरांनी विचारायच्या आधीच मागचं सगळं सांगितलं. टांग्याचा म्हातारा घोडा, टांगा बंद झालेला, मालकाने सोडून दिलेला. साठ डोळे माझ्याकडे. मी घोड्याला ढकललं. म्हटलं, मग घोडा पूल ओलांडून गेला, चालत चालत घरी पोचला, तिथे गवत होतं, त्याने ते खाल्लं. आणि संपली गोष्ट.

घड्याळात बघितलं. आठ मिनिटं झाली होती.

‘‘संपली?’’ पहिल्या बाकावरची एक छोटी मुलगी म्हणाली. ‘‘मग आता ऑफ तासाला काय?’’

कुणी दंगा केला नाही. उरलेली सत्तावीस मिनिटं ती पोरं नुसती बसून राहिली, आणि मी साडीचा पदर धरून उभी. घरातल्या मोठ्यांनी सणासाठी ठेवलेलं काहीतरी फोडून बसावं, तसं झालं मला. खाली आले तेव्हा तोंड वर करायची हिंमत नव्हती.

‘‘संपवलीस?’’ बाईंनी विचारलं. त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी मान हलवली.

‘‘घोडा घरी कुणाबरोबर गेला?’’

‘‘एकटाच.’’

बाईंनी वही घेतली आणि लिहिलं, ‘६ क – संपली.’ वर मान करून म्हणाल्या, ‘‘चार वर्षं पुरली असती ती. तुला फार घाई गं.’’

त्यानंतर चार दिवस त्यांनी ‘‘झालं का तासगाव?’’ विचारलं नाही. त्या चार दिवसांत मला कळलं की मी दिवसभर त्या तीन शब्दांसाठी शाळेत यायचे. पाचव्या दिवशी मामांनी वही आणली, सहावी ‘क’ला पुन्हा ऑफ तास. बाई परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हिरवी वही टेबलावर उघडीच टाकली होती, मला दिसेल अशी. ‘संपली’वर काट मारून पुढे लिहिलं होतं, ‘घोडा घरी पोचला खरा, पण घर दुसऱ्याचं निघालं.’

‘‘झालं का तासगाव?’’ बाईंनी विचारलं.

दिवाळीनंतर बाईंनी एक गोष्ट केली जी सव्वीस वर्षांत केली नव्हती. त्यांनी अर्ज लिहिला. मी उंबऱ्यावरून बघत होते. आखीव कागदावर, मुख्याध्यापकांच्या नावाने, विषय: दहावी ‘अ’ला एक तास मिळणेबाबत. कारण काय लिहावं याच्यावर त्या बराच वेळ अडल्या. शेवटी लिहिलं, ‘अवांतर वाचन.’ अर्ज घेऊन त्या पर्यवेक्षिकाबाईंकडे गेल्या. परत आल्या तेव्हा अर्ज हातातच होता.

‘‘काय म्हणाल्या?’’ उंबऱ्यावर बसायला लागल्यापासून मी पहिल्यांदाच आपणहून विचारलं.

‘‘म्हणाल्या, अहो ओव्हाळबाई, अवांतर कसलं, यांचं नेमलेलंच झालेलं नाही अजून. पूर्वपरीक्षा झाली की बघू.’’ त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि वहीत ठेवली. ‘‘बघू म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.’’

डिसेंबरात बाबांची कामावरची वेळ बदलली आणि माझा डबा बंद झाला. कँटीनमधून घे म्हणून पैसे द्यायचे ते, पण कँटीनच्या रांगेत सगळा वर्ग असायचा. मी नुसतीच पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्टुलावर एक स्टीलचा डबा ठेवलेला. आत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

‘‘जास्त झालंय,’’ बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. ‘‘टाकायचं जिवावर येतं.’’

पुण्यात आल्यापासून मी भाकरी खाल्ली नव्हती. मला रडू आलं, आणि आपण रडतोय याचा रागही आला. बाईंनी मान वळवली नाही. डबा घासून आणते म्हणाले, तेव्हा मात्र मागे न बघताच बोलल्या, ‘‘आण सावकाश. पण रिकामा आणू नकोस हो, नाहीतर यशवंतासारखी फिरत बसशील.’’

झालं तसंच. मला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. एकदा शिरा केला, तो खाली लागला. विकतचं काही घालून द्यायचं मनाला पटेना. डबा घासून पुसून ओट्यावर राहिला. बाईंनी कधी मागितला नाही. त्या दुसऱ्या डब्यातून भाकरी आणायला लागल्या, आणि रोज ‘जास्त’ होत राहिलं.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. आता शाळेत यायची सक्ती नव्हती. बहुतेक सगळे घरी नाहीतर क्लासच्या अभ्यासिकेत. मी मात्र रोज जायचे, कारण घरी जाऊन कुणाशी अभ्यास करणार होते? शेवटच्या शनिवारी गणिताचे सर आले नाहीत. मामा वही घेऊन खाली गेले असणार, कारण थोड्या वेळाने जिन्यावर कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला.

बाई दारात थांबल्या. अंबाडा नीट घातलेला, साडी इस्त्रीची. जणू त्यांना आज सकाळीच कळलं होतं. त्यांनी वर्गाकडे बघितलं आणि ओठ हलवत मोजलं.

‘‘सात?’’

‘‘हो बाई,’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘बाकीचे येत नाहीत आता.’’

त्या खुर्चीवर बसल्या. हिरवी वही टेबलावर ठेवली. उघडली नाही.

‘‘सांगा ना बाई,’’ मागून एक मुलगा म्हणाला. ‘‘यशवंताचं काय झालं?’’

‘‘बेचाळिसांची गोष्ट आहे ती. सातांना सांगितली तर ती खाजगी शिकवणी झाली.’’

‘‘आम्ही सांगू बाकीच्यांना.’’

‘‘मधलं चुकलं तर विचारता येतं रे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शेवट ऐकीव नको. पाच वर्षं वाट बघितलीय त्यांनीपण.’’

मी उभी राहिले. त्या वर्गात आपणहून मी कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, ‘‘बाई, आम्ही आलोय ना.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वहीवर हात ठेवला. मला वाटलं, उघडतात. आता उघडतात.

‘‘बस, तासगाव,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘बस खाली. अभ्यास करा सगळे.’’

पस्तीस मिनिटं त्या खुर्चीत बसून होत्या. मला इतका संताप आला होता त्यांचा. कसला नियम, कुणासाठी? ज्यांना आठवणही नाही त्यांच्यासाठी, जे आलेत त्यांना उपाशी ठेवायचं? घंटा झाली. बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. मी त्या दिवशी उंबऱ्यावर गेले नाही, आणि नंतर परीक्षेची सुट्टी लागली.

जूनमध्ये गुणपत्रिका घ्यायला शाळेत गेले. मला बरे मार्क मिळाले होते. सकाळी पेढे आणले, बाईंचा डबा पुन्हा एकदा घासला आणि त्यात आठ पेढे भरले. बाई रिटायर झाल्या होत्या, पण पेन्शनच्या कागदांसाठी अधूनमधून येतात, असं मामांनी फोनवर सांगितलं होतं.

ऑफिसबाहेरच्या पायऱ्यांवर त्या उभ्या होत्या. तीच साडी, तेच बूट, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणि हिरवी वही. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून बघितलं.

‘‘रिकामा नाही आणलास.’’

‘‘नाही बाई.’’

‘‘यशवंतापेक्षा हुशार निघालीस,’’ म्हणाल्या. एक पेढा तोंडात टाकला, आणि खात खात पटांगणाकडे बघायला लागल्या.

पटांगणात सगळा दहावी ‘अ’ होता. गुणपत्रिका ज्याच्या त्याच्या हातातच देत होते, म्हणून झाडून सगळे आले होते. कुणी आईबाबांबरोबर, कुणी गाडीला टेकून, कुणी फोटो काढत. ईशा कुणाला तरी मिठी मारत होती. बाईंचे ओठ हलत होते. मला कळलं त्या काय करतायत.

‘‘बेचाळीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला धरून. सगळे आलेत.’’

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या स्वतः हाक मारणार नव्हत्या. बदलीच्या माणसाला वर्ग जमवायचा हक्क नसतो, सव्वीस वर्षं त्यांनी तो कधी घेतला नव्हता. वर्गाने बोलवायचं असतं. मला फक्त दोन पायऱ्या खाली उतरून एवढंच म्हणायचं होतं, अरे, या इकडे, ओव्हाळबाई आल्यात, यशवंताचं राहिलंय. आले असते ते. आज मला खात्री आहे, आले असते. हसत आले असते, पण आले असते.

एवढ्या सगळ्यांसमोर ओरडायचं? मी हातातल्या गुणपत्रिकेकडे बघायला लागले, जशी काही ती मी अजून वाचलीच नव्हती.

बाई थांबल्या होत्या. एक मोटारसायकल सुरू झाली, एकजण निघून गेला.

‘‘एक्केचाळीस,’’ बाई म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला. ‘‘झालं का तासगाव?’’

‘‘झालं,’’ मी म्हणाले.

मुलांच्या गर्दीतून वाट काढत त्या फाटकाकडे गेल्या. दोघातिघांनी बाजूला होऊन जागा दिली, एकीने ‘‘नमस्ते बाई’’ म्हटलं आणि पुन्हा फोटोकडे वळली. समोरच्या थांब्यावर विश्रांतवाडीची बस उभी होती. बाई पुढच्या दाराने चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. बस निघेपर्यंत त्यांचं तोंड पटांगणाकडेच होतं, आणि वही मांडीवर.